कपाटाने आपल्या पायांवर उभे राहावे

मी स्वभावाने भांडखोर नाही. वीस-बावीस वर्षे बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेला माणूस भांडखोर राहूच शकत नाही. भांडणाचे खाते नेहमी काउंटरच्या बाहेरच्या बाजूला उघडलेले असते. शिवाय मी बी.कॉम. आहे. वाणिज्य शाखेच्या माणसाला कुठल्याही गोष्टीची नावे बाजू दिसली की पाठोपाठ जमा बाजूही दिसते, आणि दोन्ही बाजू दिसणाऱ्या माणसाच्या हातून भांडण ते काय होणार? तरीही आज मी एका गोष्टीविरुद्ध बाह्या सरसावून उभा आहे. ती गोष्ट म्हणजे भिंतीत बसवल्यासारखे दिसणारे कपाट.

नीट वाचा. भिंतीत बसवलेले नव्हे, बसवल्यासारखे दिसणारे. माझे सगळे भांडण त्या 'सारखे'शी आहे.

या प्रकरणाची सुरुवात पुण्यात झाली. आमच्या घरातल्या बऱ्याच प्रकरणांची तिथेच होते. आमचे मेहुणे हिंजवडीला नोकरीला आहेत. त्यांच्या मुलाच्या बारशाला ही गेली ती बाळ पाहून आली असावी. पण परत आल्यावर बोलली ती फक्त कपाटाबद्दल.

"अहो, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, खाली फरशीपासून वर छतापर्यंत नुसतं पांढरं! कपाट आहे हे कळतसुद्धा नाही."

आपण कपाट आहोत हे लोकांना कळू नये, असे कपाटाने काय पाप केले आहे, हे मला तेव्हाही कळले नाही आणि आजही कळलेले नाही. पण लग्नाला अठरा वर्षे झालेला नवरा न कळलेल्या गोष्टीला मान डोलावतो. मी डोलावली. तिथे चुकले.

आता ज्यांच्या घरी हा प्रकार अजून पोचलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हे कपाट कपाट म्हणून येत नाही. ते खोक्यांतून फळ्या म्हणून येते, सोबत स्क्रूंची पुडी, लाकडी खुंट्या, वाकडी किल्ली आणि एक चित्रमय पुस्तिका. तिच्यात एक गोलमटोल माणूस सतत हसत कपाट जोडत असतो. १९५६ साली स्वीडनमध्ये आयकिया या कंपनीतल्या गिलीस लुंडग्रेन नावाच्या माणसाला एक टेबल मोटारीत बसवता येईना, म्हणून त्याने त्याचे पाय काढले आणि त्यातून ही सपाट खोक्यांची कल्पना निघाली, अशी गोष्ट सांगतात. तीच कंपनी २०१८ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादला आली, २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईत आली. तिच्या 'पॅक्स' नावाच्या कपाटाची रुंदी ५०, ७५ किंवा १०० सेंटिमीटर. अधले-मधले काही नाही. यात काही गैर नाही. तयार माल तयार मापातच मिळणार.

गैर आहे ते पुढचे. हे तयार मापाचे कपाट आणायचे आणि ते मापाने करून घेतल्यासारखे दिसावे म्हणून चहूबाजूंनी पट्ट्या, फळ्या आणि लांबी भरायची! हे म्हणजे तयार शर्ट विकत आणायचा आणि तो शिंप्याने बेतून शिवल्यासारखा दिसावा म्हणून आपल्या अंगालाच चार टाके घालून घ्यायचे.

आमची कपाटे त्या स्वीडिश कंपनीची नव्हेत. कोणाची ते सांगणार नाही. गिऱ्हाइकाचे गुपित फोडायचे नाही ही बँकेतली सवय आहे. आणि खरे सांगायचे तर दोष खोक्यांचा नव्हताच. खोकी बिचारी आपल्या मापाने आली होती. माप सुटले होते ते आमचे.

त्या खोलीची भिंत दहा फूट, म्हणजे ३०४.८ सेंटिमीटर. शंभर-शंभरची तीन कपाटे मिळून ३००. शिल्लक ४.८ सेंटिमीटर, दोन इंचांना थोडी कमी. माझ्या मते ही शिल्लक पुढे ओढून विषय तिथेच संपवायला हवा होता. पण मेहुणे म्हणाले, "दाजी, ती फट दिसली की सगळं फिटिंग गेलं. तिथं फिलर मारायचा."

हा 'फिलर' शब्द मी प्रथम ऐकला आणि मला आमचे जुने शाखाधिकारी आठवले. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत अजून जाडजूड लेजरे होती. संध्याकाळी बेरीज जुळली नाही, रात्र झाली तरी जुळली नाही, की तो फरक तात्पुरता सस्पेन्स खात्यात टाकत. फरक मिटत नसे. फक्त दिसेनासा होई. पण बँकेत निदान नंतर कोणीतरी येऊन विचारत असे, "हे सस्पेन्समध्ये काय पडलंय?" फिलरला कोणी विचारत नाही. वाचकहो, 'फिटिंग' 'फिटिंग' म्हणून ज्याचे कौतुक चालते, ते दुसरे-तिसरे काही नसून घराच्या भिंतीवर उभारलेले सस्पेन्स खाते आहे.

त्यातही गंमत अशी की भिंतच सरळ नसते. गल्लीतले मिस्त्री पुढे एकदा घरी आले, तेव्हा त्यांनी खिशातून ओळंबा काढून कोपऱ्यात सोडला आणि नुसते हसले. भिंत खाली दहा फूट आणि वर दहा फुटांना पाऊण इंच कमी. म्हणजे फिलरची पट्टी खाली जेमतेम दोन इंच आणि वर सव्वा इंच. कपाटे आडवी-उभी काटकोनात, त्यांना चिकटलेली पट्टी तिरपी. त्यामुळे जी भिंत वीस वर्षे तिरपी आहे हे आम्हांला ठाऊक नव्हते, ती आता दारातून आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला तिरपी दिसते.

पण मिस्त्री यायच्या आधीचा प्रसंग सांगायचा राहिला. जोडून सुट्ट्या आल्या तेव्हा मेहुणे पुण्याहून हत्यारांची पेटी घेऊन आले. "दाजी, दोन तासांचं काम," म्हणाले. सकाळी नवाला बसलो ते दुपारी चारला पहिले कपाट तयार झाले. जमिनीवर, उताणे. त्याची उंची सात फूट नऊ इंच, म्हणजे ९३ इंच. खोली दोन फूट, म्हणजे २४ इंच. आमचे छत, पीओपी केल्यामुळे, बरोबर आठ फूट, म्हणजे ९६ इंच. वर तीन इंच जागा राहते, तिथे पुन्हा फिलर. हिशोब चोख होता.

"हं, दाजी, उचला!"

आम्ही उचलले. कपाट अर्धे उठले, पाऊण उठले आणि मग कर्रर्र करून थांबले. वरचा एक कोपरा पीओपीत घुसला होता, खालचा कोपरा फरशीवर रुतला होता, आणि मधल्या तिरप्या पोकळीत आमचे मेहुणे होते.

उभे करताना कपाटाला आपल्या कर्णाच्या उंचीतून जावे लागते, हे पायथागोरस सांगून गेला आहे. ९३ चा वर्ग ८६४९, २४ चा वर्ग ५७६, बेरीज ९२२५; तिचे वर्गमूळ ९६.०५. छत ९६.००. फरक ०.०५! पाच पैशांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत बँकेत बसलेला मी माणूस. पण तो फरक असा छातीवर येऊन बसेल असे वाटले नव्हते. त्या पुस्तिकेतला गोलमटोल माणूस तेवढा अजूनही हसत होता.

त्या वेळी मिस्त्री धावून आले. त्यांनी आधी मेहुणे सोडवले, मग कपाट सोडवले. "सायेब, हे आडवं बांधून उभं करायचं न्हवं. हुभंच बांधायचं." त्यांनी ते सगळे खोलून पुन्हा उभे बांधले. दोन ठिकाणी स्क्रू नुसतेच फिरायला लागले. मिस्त्री म्हणाले, "भुश्श्यात इस्क्रू एकदाच धरतो. सुटला की सुटला."

भुस्सा हा शब्द त्यांनी रागाने वापरला नव्हता. ते वर्णन होते. यातल्या पुष्कळ फळ्या पार्टिकल बोर्डाच्या असतात. लाकडाचा चुरा आणि कपच्या, बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या चिकट रसायनात कालवून, दाबून केलेली फळी. वर गुळगुळीत कागद किंवा लॅमिनेट. जोवर चारही कडा बंद आहेत तोवर ठीक चालते. पाणी आत शिरते ते उघड्या कडेतून. शिरले की फळी फुगते, आणि एकदा फुगलेली पुन्हा मूळ मापावर येत नाही. आता 'बसवल्यासारखे' दिसायला काय करावे लागते पाहा: खालच्या स्कर्टिंगसाठी फळीला खाच पाडायची, तिरप्या भिंतीसाठी पट्टी तिरपी तासायची, स्विचसाठी पाठ कापायची. म्हणजे कंपनीने बंद करून पाठवलेल्या कडा आपण हौसेने उघडायच्या. त्याही कुठे? जिथे रोज ओला पोछा फिरतो तिथे. आणि पलीकडे न्हाणीघर असले तर ओलसर भिंतीला पाठ चिकटवून, वारा जायला बोटभर जागा न ठेवता.

स्विचचे सांगतो. आमच्या पंख्याचा स्विच त्याच भिंतीवर. तो हलवायला भिंत फोडावी लागेल असे वायरमन म्हणाला. म्हणून कपाटाच्या पाठीला भोक पाडले. आता पंखा लावायचा तर माझ्या दोन शर्टांच्या मधून कोपरापर्यंत हात घालावा लागतो. आलेल्या पाहुण्यांना वाटते, यजमान पैसे काढताहेत. ते उगीचच 'नको, नको' म्हणतात.

यावर मेहुण्यांचा एक बिनतोड मुद्दा असतो. "दाजी, तुमच्या शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात भिंतीतच कपाटं होती की!"

होती ना! फडताळे होती, कोनाडे होते, देवळ्या होत्या. पण त्या भिंती दीड-दोन फूट जाडीच्या. भिंत बांधतानाच गवंड्याने तिच्या पोटात जागा सोडलेली. सुताराने मागून त्या जागेच्या मापाची दारे केलेली. भिंत तिरपी तर दारही तेवढेच तिरपे. तिथे कोणी कोणाला फसवत नव्हते. कपाट म्हणजे भिंतच होती आणि भिंत म्हणजे कपाट. आताच्या सहा इंची आणि चार इंची भिंतींत पोट कुठले? म्हणून भिंतीच्या पुढ्यात अठरा मिलिमीटरच्या फळीची दुसरी भिंत उभी करायची, आणि दहा बाय बाराच्या खोलीचे दोन फूट जागीच गेले की "किती जागा वाचली!" म्हणायचे.

फिटिंग म्हणजे काय हे तर कोल्हापूरकराला कोणी शिकवूच नये. आमच्या कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले; पण पाय आणि चप्पल यांचे फिटिंग त्याआधी कित्येक पिढ्या चालू आहे. पहिले आठ दिवस ती चावते, मग हळूहळू कातडे पायाचे ऐकते, पाय कातड्याचे ऐकतो. बसते ती अशी. मधल्या फटीत कोणी फिलर मारत नाही.

मी एकांगी लिहितो असे कोणी म्हणू नये, म्हणून जमा बाजूही लिहितो. वर छतापर्यंत बंद झाल्यामुळे कपाटावर धूळ साचत नाही, हे खरे. चांगल्या प्लायवुडचे काम मिस्त्रीकडून करून घेण्यापेक्षा हे स्वस्त पडते, हेही खरे. खोली टापटीप दिसते. लहान घरात कपडे, पांघरुणे, जास्तीच्या गाद्या यांना जागा हवीच. आणि तोच पार्टिकल बोर्ड कोरड्या जागी, भिंतीपासून थोडा सुटा उभा केला, तर बिचारा वर्षानुवर्षे काम देतो. मला तो उभा राहिलेला चालतो. तो घराण्याचा वारस असल्याचे सोंग करतो तेव्हा चालत नाही.

कारण धूळ साचत नाही म्हणजे काहीच साचत नाही. मध्यमवर्गीय घरात कपाटाच्या आत कपडे असतात. पण घर असते ते कपाटाच्या वर. गणपतीचे मखर, आकाशकंदील, मुलाचा पाळणा सोडून बांधलेले गाठोडे, वडिलांची ट्रंक. कपाटाखाली चपला, कपाटामागे कॅरम बोर्ड. या कॅरम बोर्डाला महाराष्ट्रातल्या कुठल्या घरात दुसरी जागा आहे मला दाखवा! आमची कपाटे बसवल्यासारखी बसली आणि ही सगळी मंडळी निर्वासित झाली.

शिवाय हलवायचे काय? १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा जमिनीला जखडलेल्या वस्तूंचा वेगळा विचार करतो, हे कॉलेजात शिकलो होतो. मोकळे कपाट माझे; भिंतीला जखडलेले कपाट हळूहळू भिंतीचे. माझ्या वडिलांच्या सहा बदल्या झाल्या. सहाही वेळा कपाट ट्रकमध्ये चढले आणि नव्या गावी उतरले. त्या घरी कुठल्या भिंतीला लावायचे यावर आईवडिलांचे एक भांडण होई, आणि ते लागले की घर लागले असे आम्ही समजत असू. घरात साखरपुडा निघाला तर सामान सरकावे लागते. कोणी आजारी पडले तर खाट खिडकीशी आणावी लागते. जे घर सरकत नाही त्यात माणसाला सरकून राहावे लागते.

आणि आपण कोल्हापुरात राहतो हे विसरून कसे चालेल? राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली. २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर. मोठ्या पुरात ज्या वस्तीतली माणसे आधी हलवावी लागतात त्यांत आमचा सुतारवाडा असतो, ही तर नियतीचीच कोपरखळी. आमच्या शाखेतले एक सहकारी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत राहतात. २०१९ ला पाणी ओसरल्यावर मी त्यांच्याकडे चिखल काढायला गेलो होतो. लोखंडी कपाट त्यांनी पाइपने धुतले, उन्हात ठेवले, बिजागऱ्यांना तेल दिले. ते आजही करकरत उभे आहे. भिंतीभर जखडलेले भुश्श्याचे कपाट मात्र चहात बुडवलेल्या पावासारखे झाले होते. त्यांना ते उचलून माळ्यावर टाकता आले नाही, कारण ते भिंतीचे होते. फावड्याने काढले.

आता मुख्य गोष्ट. इतका वेळ मी हिशोब सांगत बसलो, कारण ही सांगायला जड जाते.

त्या दहा फुटी भिंतीशी आधी आईचे कपाट होते. हिरवट-राखाडी, लोखंडी, १९७६ सालचे. गोदरेज कंपनी १९२३ पासून लोखंडी कपाटे करते. पण आमचे 'गोदरेज' शिवाजी उद्यमनगरात तयार झालेले. मराठी घरात लोखंडी कपाट कोणीही केलेले असो, ते गोदरेजच. त्याला आरसा, आत लॉकर, आणि दोन किल्ल्या. एक किल्ली आईच्या कमरेला, गेली पन्नास वर्षे. दुसरी कुठे आहे हे फक्त आईला ठाऊक.

नवी कपाटे आली तेव्हा ते 'तात्पुरते' मागच्या गॅलरीत गेले. पुढे भंगारवाल्याला द्यायचे असे कोणी म्हटले नाही. पण सगळ्यांना ते ठाऊक होते. आईला नव्यातले तिसरे दार दिले. आई काही बोलली नाही. मी त्याचा अर्थ 'पसंत आहे' असा लावला. गिऱ्हाईक बोलत नाही म्हणजे तक्रार नाही, असे समजायची आम्हांला सवय असते.

जुलैतली संध्याकाळ. पाऊस कोल्हापूरला पडतो तसा पडत होता. बँकेतून आलो तर आई गॅलरीत, एका हातात छत्री, दुसऱ्या हाताने कपाटाची पाठ जुन्या लुगड्याच्या बोळ्याने पुसत होती. कपाट उघडे होते.

"अगं, भिजतेस कशाला? आत एवढं नवीन कपाट दिलंय."

"ते चांगलं आहे रे," आई म्हणाली. "पण त्याला किल्ली नाही. धक्का दिला की उघडतं. कुणीही द्यावा."

बस, एवढेच. मी छत्री धरून उभा राहिलो. आत काय होते? वडिलांचे घड्याळ, त्यांच्या सहा बदल्यांचे सहा हुकूम, माझी बारावीची गुणपत्रिका (ती कुलुपात ठेवण्याचे कारण निराळे आहे), चार साड्या, एक पासबुक. जिच्या नावावर जमीन नाही, घर नाही, तिच्या नावावर या जगात एक किल्ली होती. आणि ती आम्ही फिटिंगसाठी पावसात काढली होती. बिनमुठीच्या, बिनकुलुपाच्या, दिसेनाशा दारांचे हेच तर ब्रीद आहे: कपाट दिसू नये. आणि ज्याचे ते कपाट तोही.

दुसऱ्या रविवारी मिस्त्रींना बोलावले. तिसरे कपाट काढले, आईचे आत आणले. मी हिला कसे सांगावे याची तयारी करत होतो, तर ही म्हणाली, "मी कधी म्हटलं होतं बाहेर टाका म्हणून? तुम्हीच तर मान डोलावलीत."

आता भिंतीचा ताळेबंद असा: शंभरची दोन, म्हणजे २००, आईचे तीन फुटी, म्हणजे सुमारे ९१, शिल्लक जवळजवळ १४ सेंटिमीटर. मेहुणे आले की त्या फटीकडे बघून दुःखी होतात. मी तीत कॅरम बोर्ड ठेवला आहे. आईच्या कपाटावर मखर परत गेले. तिसरे कपाट गॅलरीत आहे. त्याचा तळ फुगू लागला आहे आणि त्यात आम्ही चपला ठेवतो.

परवा ही आईला म्हणाली, "आई, माझ्याही बांगड्या तुमच्या लॉकरमध्ये ठेवा. आणि दुसरी किल्ली कुठं असते तेवढं सांगून ठेवा."

"बांगड्या दे," आई म्हणाली. "किल्लीचं बघू."